वाचकांचे प्रश्न : ऑफिसातली हवा आणि डक्टची सफाई

प्रश्न : सेंट्रल एसीच्या ग्रिलभोवती छतावर काळे डाग पडले आहेत. ते पाहून सफाईवाल्यांनी सगळे डक्ट (एसीची हवा नेणाऱ्या-आणणाऱ्या नळ्या) साफ करायला सांगितले. करावेत का?

नुसत्या डागांवरून नको. ग्रिलमधून जोरात सुटणारी हवा आजूबाजूची हवा ओढून घेते आणि तिच्यातली धूळ छताला चिकटते. म्हणजे तो मळ बहुतेकदा खोलीचाच असतो : कार्पेट, कागद, कपडे. खात्री करायची तर ग्रिल उतरवा, मोबाइल आत घालून फ्लॅश लावून फोटो काढा. पत्र्यावर करड्या धुळीचा पातळ थर जुन्या डक्टमध्ये असतोच. तो सहसा जागचा हलत नाही. आत बुरशी असेल, उंदरांची किंवा किड्यांची घाण असेल, इंटिरिअरच्या कामाची सिमेंट-जिप्समची भुकटी साचली असेल किंवा ग्रिलमधून टेबलावर कण पडत असतील, तर मात्र सफाई हवीच. बुरशी दिसली तर आधी ओल कुठून येते ते शोधा, नाहीतर ती पुन्हा उगवेल.

प्रश्न : दुपारनंतर सगळ्यांचं डोकं जड होतं, जांभया येतात. डक्ट साफ केल्याने फरक पडेल?

बहुधा नाही. आधी ताजी हवा किती येते ते बघा. कार्बन डायऑक्साइडचा मीटर टेबलाच्या उंचीवर ठेवा. कुणाच्या तोंडाजवळ नको, खिडकीपाशीही नको. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. आतला आकडा तासन्‌तास १००० च्या बराच वर राहत असेल, तर माणसांच्या मानाने बाहेरची हवा कमी पडते आहे. ॲशरे या एसी-इंजिनिअरांच्या अमेरिकी संस्थेच्या ६२.१ या मानकाचा ऑफिससाठीचा बाहेरच्या हवेचा मूळ हिशेब असा : दर माणशी सेकंदाला २.५ लिटर, शिवाय दर चौरस मीटरला ०.३ लिटर. ४० माणसं आणि ४०० चौरस मीटर जागा असेल तर १०० अधिक १२०, म्हणजे सेकंदाला २२० लिटर. हवा खोलीत नीट पसरत नसेल तर याहून जास्त.

विजेचं बिल वाचवायला फ्रेश एअर डँपर (बाहेरची हवा आत घेणारी झडप) बंद करून ठेवलेला अनेक ठिकाणी सापडतो. कधी डँपरची मोटर फिरते, पण दांडा सैल असल्याने पातं हलतच नाही. म्हणून पातं डोळ्यांनी पाहा. कंट्रोल पॅनेलवरच्या आकड्यावर विसंबू नका.

प्रश्न : सफाई नीट होते आहे हे आम्ही कसं ओळखावं?

मुख्य गोष्ट एकच : काम चालू असताना डक्टच्या आतला दाब बाहेरपेक्षा कमी हवा. त्यासाठी हेपा (अतिबारीक धूळ अडवणारा) फिल्टर असलेलं मोठं व्हॅक्यूम मशीन डक्टला जोडतात. एसी बंद करून स्विचला कुलूप लावायचं, बाकीच्या ग्रिल फिल्मने बंद करायच्या, मग फिरता ब्रश किंवा दाबाच्या हवेची नळी घालून धूळ सुटी करत मशीनकडे ढकलायची. आधी रिटर्न (खोलीतली हवा परत नेणारे डक्ट), मग एअर हँडलर (हवा थंड करून ढकलणारं मुख्य यंत्र), शेवटी सप्लाय (थंड हवा खोलीत आणणारे डक्ट), आणि तेही एकेक भाग वेगळा करून. नुसता ब्रश फिरवला आणि मशीन नसलं, तर डक्टमधली धूळ तुमच्या टेबलांवर येते.

लवचिक डक्टमध्ये ब्रश घातला तर आतलं अस्तर फाटतं. फार घाण असेल तर तो बदललेला बरा. आतून फायबरग्लास लावलेला डक्ट भिजून बुरशी धरली असेल, तर तेवढं अस्तर काढूनच टाकावं लागतं.

पैसे चुकते करण्याआधी एवढं बघा : सफाईसाठी डक्टला कापलेल्या प्रत्येक भोकाचं झाकण गॅस्केटसह (फट बंद करणाऱ्या पट्टीसह) घट्ट बसलं का, वरचं इन्सुलेशन परत लावलं का, आणि फायर डँपर (आग लागली तर डक्ट बंद करणाऱ्या झडपा) उघडे आहेत का. चुकून बंद राहिलेला फायर डँपर म्हणजे एका कोपऱ्यात हवाच नाही. त्याच जागांचे आधीचे-नंतरचे फोटो मागा. वाद झालाच, तर नाडका या डक्ट-सफाईवाल्यांच्या संघटनेच्या मानकातली व्हॅक्यूम चाचणी आहे : १०० चौरस सेंटीमीटरवर ०.७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ उरता कामा नये.

प्रश्न : सफाईनंतर जंतुनाशकाची धुरी घ्यावी का?

सफाईऐवजी तर मुळीच नाही. धुळीवर मारलेलं औषध धुळीतच राहतं आणि त्याचा वास लोकांच्या नाकात जातो.

प्रश्न : मर्व्ह ८ फिल्टर काढून मर्व्ह १३ लावले तर?

मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण पकडतो त्याची श्रेणी. बारीक कणांसाठी मर्व्ह १३ नक्कीच सरस. पण त्याचा अडथळा जास्त असू शकतो. ब्लोअरला (हवा ढकलणाऱ्या पंख्याला) झेपेल का ते आधी तपासून घ्या, नाहीतर हवेचा प्रवाह घटून कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरू शकतो. फ्रेमच्या कडेला फट असेल तर महागडा फिल्टरही वाया, कारण हवा फटीतूनच जाते. फिल्टरवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवा. बदलायचा तो तारखेवर नाही, फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक दाखवणाऱ्या दाबमापकावर.

प्रश्न : सकाळी एसी लावला की कुबट वास येतो.

कॉइल आणि ड्रेन पॅन (कॉइलवरून ठिबकणारं पाणी जमा होतं तो ट्रे) उघडा. पॅनमध्ये पाणी तुंबलेलं असेल तर उतार किंवा पाइपचा ट्रॅप (पाणी धरून ठेवणारं वळण) चुकलेला असतो. हवेच्या वाटेत ब्लोअर कॉइलनंतर असतो तेव्हा पॅन त्याच्या ओढीत येतो. ट्रॅप नसेल तर पाइपातून हवा आत येते आणि पाणी बाहेर जातच नाही. ट्रॅप सुकला असेल तर गटाराचा वास थेट आत. बरेच दिवस एसी बंद होता का? ट्रॅपमध्ये पाणी ओता. कॉइल धुताना हवा जिकडून बाहेर पडते त्या बाजूने, कमी दाबाने पाणी मारा. जोराच्या फवाऱ्याने फिन्स (कॉइलवरच्या पातळ पट्ट्या) वाकतात आणि घाण आणखी आत बसते.