प्रोसेसरचा वापर मोजताना

आपल्या प्रोग्राममधून प्रोसेसरचा वापर मोजू पाहणाऱ्या नवशिक्याने आधी हे ध्यानात घ्यावे, की ‘या क्षणाचा वापर’ असे काही नसते. त्या क्षणी कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, एकतर कामात असतो नाहीतर रिकामा, म्हणून टक्केवारी नेहमी दोन वेळांमधल्या अंतराचीच निघते. लिनक्समध्ये प्रॉक फोल्डरातील स्टॅट फाइलची पहिली ओळ वाचली, तर मशीन सुरू झाल्यापासून प्रोसेसरचा वेळ कशाकशात गेला याची बेरीज मिळते, आणि ती घरच्या वीजमीटरसारखी असते: मागचे रीडिंग वजा केल्याशिवाय बिल निघत नाही. त्या ओळीतला चौथा आकडा रिकाम्या वेळेचा असून हे आकडे सहसा सेकंदाच्या शंभराव्या भागात असतात. चार कोअरच्या मशीनवर सेकंदाच्या अंतराने दोनदा वाचून एकूण फरक 400 आणि रिकाम्या वेळेचा फरक 300 आला, तर वापर 25 टक्के झाला.

पायथनमधील पीएसयूटिल ही लायब्ररी हेच गणित करते, मात्र अंतर न देता केलेल्या पहिल्या कॉलचे 0.0 हे उत्तर निरर्थक म्हणून सोडून द्यायचे असते. सातपूरच्या एका कारखान्यासाठी लिहिलेला माझा प्रोग्राम क्रॉन (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी लिनक्सची सोय) दर मिनिटाला नव्याने सुरू करत असे, त्यामुळे माझा प्रत्येक कॉल पहिलाच ठरला आणि आठवडाभर मी मोठ्या समाधानाने शून्येच साठवली! एकाच प्रोसेसचा वापर 100 टक्क्यांच्या वर दिसला तर घाबरू नये, कारण तो एका कोअरच्या हिशेबाने मांडलेला असतो.