लघुपटातली आई साचेबद्ध का वाटते? ते कसं टाळावं?

तुमच्या १५ मिनिटांच्या पटकथेतली आई मुलासाठी दागिने मोडते, उपाशी राहते, शेवटी आजारी पडते, आणि तरीही वाचणारे ‘ही नेहमीचीच आई’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. अडचण त्यागात नाही. तिच्यावर सगळं येऊन कोसळतंय, पण ती स्वतः काहीच ठरवत नाही.

‘श्यामची आई’मधलं पोहण्याचं प्रकरण पुन्हा वाचा. विहिरीच्या भीतीनं श्याम माळ्यावर लपतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीनं मारते आणि पोहायला धाडते. मुलाला कुणी भित्रा म्हटलेलं तिला खपत नाही, हे ती नंतर, त्याला जवळ घेऊन सांगते. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. कारण आधी सांगून मग मारलं असतं तर ते नुसतं प्रवचन झालं असतं. इथे आपण काही वेळ श्यामसारखेच तिच्यावर चिडतो, म्हणून नंतरची माया आत लागते. तुमच्या पटकथेत मात्र आई आधी समजावते आणि मग वागते. तो संवाद उचलून प्रसंगाच्या मागे टाका; निम्मा तर गाळलात तरी चालेल.

दुसरं म्हणजे, तिचा निर्णय मुलाच्या विरुद्ध जाऊ द्या. ‘दीवार’मध्ये (१९७५) आई पोलीस असलेल्या रवीच्या हाती पिस्तूल देते आणि मग गुन्हेगार झालेल्या विजयची वाट बघायला देवळात जाते. दोन्ही मुलगे तिचेच, आणि तिची दोन्ही पावलं खरी. असा एक निर्णय पाचव्या-सहाव्या मिनिटाला आला पाहिजे. तुमच्याकडे तो बाराव्याला येतो, त्याचे परिणाम दाखवायला जागाच उरत नाही. त्यासाठी आजारपण सरळ काढून टाका.

दागिने मोडायचेच असतील तर ‘मदर इंडिया’तली (१९५७) कंगणं बघा. सावकाराकडे गहाण पडलेली ती कंगणं लहानपणापासून धाकट्या मुलाच्या, बिरजूच्या डोक्यात बसलेली असतात, आणि आईच्याच गोळीनं मरताना तो ती रक्तानं माखलेली तिच्या हाती देतो. तुमची पाटली एकदाच दिसते. ती पहिल्या दोन मिनिटांत, मध्ये आणि शेवटी अशी तीनदा यावी, आणि मधल्या वेळी ती मुलाच्या नजरेतून दिसावी.

संवादातली एक बारीक गोष्ट: मुलगा प्रत्येक वाक्यात ‘आई’ म्हणतोय. घरात मुलं बऱ्याचदा ‘अगं’ म्हणतात; एरवी तेच वापरा. भांडणाच्या प्रसंगात तेवढं ‘अगं’ गाळा, तुटलेपण आपोआप ऐकू येईल.