‘मॉड्युलेट’साठी ‘नियंत्रण’ चालेल का?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका विज्ञानशिक्षकांनी विचारले आहे की, ‘जी-प्रथिने मेंदूच्या पेशींतील सोडियम चॅनेलना मॉड्युलेट करतात’ (जी-प्रथिने, म्हणजे इंग्रजीतील ‘G proteins’, ही पेशीच्या आत संदेश पुढे नेणारी प्रथिने; सोडियम चॅनेल म्हणजे पेशीपटलातील, सोडियम आत सोडणारे छिद्र) या वाक्याचा अनुवाद त्यांनी ‘नियंत्रित करतात’ असा केला; परंतु कानडी माध्यमाला शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनीही ‘नियंत्रण’ हाच शब्द योजलेला पाहून, दोन्ही भाषांत एकच चूक तर होत नाही ना, अशी शंका त्यांना आली.

शंका रास्त आहे. नियंत्रण म्हटले की चालू-बंद करण्याचा अधिकार कोणाच्या तरी हाती आहे, हा अर्थ मराठी वाचकाच्या मनात आधी उमटतो. सोडियम चॅनेलच्या बाबतीत तो अधिकार जी-प्रथिनांकडे नाही. पेशीपटलावरील विद्युतदाब बदलला की चॅनेल उघडते आणि एक-दोन मिलिसेकंदांत आपोआप निष्क्रिय होते. सोडियमच्या प्रवाहाचे विद्युतदाबाशी असलेले हे नाते हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली माकूळ (स्क्विड) या सागरी प्राण्याच्या चेतातंतूवरील प्रयोगांतून मांडले. जी-प्रथिनांचा हात लागतो तो या उघडझापीच्या प्रमाणाला. डोपामिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन आपल्या डी-१ ग्राहीला (पेशीपटलावरील, संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटले की आतले जी-प्रथिन जीडीपी हा लहान रेणू सोडून त्याचाच भाऊबंद जीटीपी धरते, त्याचे अल्फा आणि बीटा-गॅमा असे दोन भाग विलग होतात, आणि अल्फा भागाने सुरू केलेल्या साखळीच्या शेवटी एक विकर (एन्झाइम) चॅनेलच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडते. त्यामुळे विद्युतदाब तितकाच बदलला, तरी सोडियम कमी आत येते. उलट, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की बीटा-गॅमा भाग मेंदूतील चॅनेलचा एक प्रकार पुरता निष्क्रिय होऊ देत नाही, आणि थोडा प्रवाह रेंगाळत राहतो. एकाच प्रथिनाचा एक भाग एका वाटेने प्रवाह घटवतो, तर दुसरा तो लांबवू शकतो. म्हणून ‘दमन’ किंवा ‘वर्धन’ हे शब्दही अपुरे पडतात.

रेडिओच्या परिभाषेत मॉड्युलेशनला ‘विरूपण’ म्हणतात. लहरीचे रूप बदलते, म्हणून तेथे तो शोभतो. पेशीविषयी वाचताना मात्र काहीतरी विद्रूप झाल्याचा भास होतो. ‘नियमन’ बरा आहे, पण तो ‘रेग्युलेशन’साठी आधीच खर्ची पडला आहे आणि दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात आले की अनुवादकाची पंचाईत होते. ‘मॉड्युलेट’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘लहान माप’ असा आहे, आणि त्या अर्थाचा ‘मात्रा’ हा शब्द आपल्याकडे वृत्तात, तालात आणि वैद्याच्या खलात शतकानुशतके रुळलेला आहे. (‘त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही’ हेही त्याच घरचे.) म्हणून शीर्षकात किंवा व्याख्येत ‘मात्रानियमन’ असा शब्द घडवून वापरावा, असे मी सुचवीन. ओघवत्या वाक्यात मात्र ‘कमीजास्त करणे’ हे साधे क्रियापदच अधिक नेमके आहे, कारण संस्कृत सामासिक शब्दाच्या ओझ्याखाली विद्यार्थी मूळ प्रक्रिया विसरतो.

चॅनेलसाठी ‘कालवा’ सुचवण्याचा मोह आपल्या भागात होतो, कारण कानडी ‘कालुवे’ आणि आपला ‘कालवा’ यांचे नाते उघड आहे. पण हुक्केरीच्या विद्यार्थ्यापुढे ‘कालवा’ म्हटले की हिडकल धरणाहून निघणारा मैलोगणती पाट उभा राहील. येथे तर पटलाच्या जाडीएवढे, दार असलेले छिद्र आहे. ‘वाहिनी’लाही रक्तवाहिनीच्या लांबीची आठवण चिकटलेली आहे, तरी तो शब्द रूढ असल्याने ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात एवढा खुलासा करावा. तेव्हा वाक्य असे होईल: ‘जी-प्रथिने मेंदूच्या पेशींतील सोडियम वाहिन्यांमधून जाणारा प्रवाह कमीजास्त करतात.’