ताई, स्वप्नात उडद्या येतो

स्वप्नांविषयी विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. साप आणि दात पडणं यांची पत्रं येणार हे ठाऊक होतं, पण यंदा किड्यामुंग्यांनी त्यांना मागे टाकलं. विंचू आणि कोळी कीटकांत मोडत नाहीत, तरी झोपेतली भीती तीच असते, म्हणून त्यांनाही इथेच घेतलं आहे. तीन पत्रं निवडली. नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

*

"वडिलांच्या वेळचं स्वप्नफलाचं एक छोटं पुस्तक माझ्याकडे आहे. काळ्या मुंग्या दिसल्या तर धनलाभ, लाल दिसल्या तर घरात भांडण, असं त्यात दिलं आहे. मला परवा लाल मुंग्यांची रांग दिसली. सुनेशी वाद होईल या धास्तीने मी घरात बोलणंच कमी केलं आहे. शास्त्र काय सांगतं?" – एक आजोबा, पंचवटी

काका, आधी सुनेशी बोलायला लागा. लाल मुंग्यांनी भांडण होत नाही, पण घरातलं मोठं माणूस एकदम गप्प झालं की सगळं घर अस्वस्थ होतं.

शास्त्र विचारलंत म्हणून चरकसंहितेपासून सुरू करते. इंद्रियस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्वप्नांचे ७ प्रकार दिले आहेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. यातल्या पहिल्या ५ प्रकारांना फळ नाही, असं तिथेच म्हटलं आहे. दिवसा पडलेलं, फार त्रोटक किंवा फार लांबलेलं स्वप्नही निष्फळ. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या वैद्यांनी इतकी स्वप्नं आधीच बाजूला काढली होती. मनी वसे ते स्वप्नी दिसे, हे तर आपण रोज म्हणतो. त्या दोन-चार दिवसांत गुळाच्या डब्यापाशी किंवा अंगणात लाल मुंग्या पाहिल्या होत्या का, एवढं आठवून बघा. पाहिल्या असतील तर तुमचं स्वप्न पहिल्याच प्रकारात गेलं.

अशा पुस्तकांतली कोष्टकं मला पटत नाहीत, कारण किडा सगळ्यांना सारखा नसतो. दुसऱ्या शतकातला आर्टेमिडोरस हा ग्रीक स्वप्नज्ञ सांगतो की मधमाश्या शेतकऱ्याला आणि मधपाळाला शुभ, इतरांना मात्र त्रासाच्या. समोरच्याचा धंदा आणि परिस्थिती विचारल्याशिवाय अर्थ सांगू नये, असा त्याचा आग्रह होता. शेणाची गोळी ढकलणारा भुंगा प्राचीन इजिप्तमध्ये उगवत्या सूर्याचं रूप होता. आपल्याकडे शेणातला किडा ही शिवी आहे. आणि आपल्याच नाथांच्या भागवतात अवधूताच्या २४ गुरूंमध्ये मधमाशी आहे, दिव्यावर झेपावणारा पतंग आहे, अळीला कोंडून ठेवणारी कुंभारीण माशीही आहे. फ्रॉइडने तर स्वप्नातल्या बारीक किड्यांचा अर्थ लहान मुलं, नकोशी भावंडं असा लावला. हे सरसकट मला मान्य नाही. पण किडा बघणाऱ्याच्या घरातलं काही सांगत असतो, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

पुस्तक वडिलांची आठवण म्हणून जपा. त्यावरून घरातलं वागणं ठरवू नका.

*

"आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. दसऱ्यानंतर छाटणी झाली तेव्हापासून मला एकच स्वप्न पडतं. घराच्या भिंतीतून, मग धान्याच्या कोठीतून, आणि शेवटी यांच्या सदऱ्याच्या खिशातून उडद्या निघतो. मी नखाने चिरडत राहते, ते संपत नाहीत. सासूबाई म्हणतात घराला नजर लागलीय, त्र्यंबकला जाऊन शांत करू. खर्च बराच आहे. यांना सांगितलं तर हसतात." – एक भगिनी, निफाड तालुका

वहिनी, माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं. उडद्या काय करतो ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, फुगायला लागतात आणि नेमका तेव्हा हा चार-पाच मिलिमीटरचा, तांबूस चमकदार भुंगेरा बागेत येतो. एरवी सुटलेल्या सालीखाली दडून बसतो. फुगलेला डोळा त्याने पोखरला की तिथून घड निघायचा नाही, मग पुढे कितीही फवारण्या करा. म्हणून त्या दिवसांत घरातली माणसं बॅटरी घेऊन ओळीओळीने फिरतात, वेल हलवतात, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून मारतात. वर्षाचं उत्पन्न त्या डोळ्यांत असतं आणि सोसायटीचं कर्ज फिटणार की नाही तेही.

आता तुमचं स्वप्न बघू. त्यात बाग कुठेच नाही. किडा भिंतीतून येतो, धान्यातून येतो, मग खिशातून येतो. घर, अन्न, पैसा. बागेतली काळजी पायरीपायरीने आत शिरली आहे आणि जाऊन थांबली आहे ती खिशापाशी. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सदरा आहे, पण सदऱ्यात माणूस नाही. तुम्ही घाबरून पळत नाही, कामाला लागला आहात, पण एकट्या.

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही खोडली आहे. निळ्या पेनाच्या रेघांखालून ती वाचता येते: "बँकेचं किती आहे ते मला सांगत नाहीत." वहिनी, उद्याचं भाकीत शोधायची गरज नाही. तुम्हाला काय खुपतंय ते या ओळीत आहे. स्वप्नाने एवढंच केलं की जे खोडलं होतं ते पुन्हा पुढे आणून ठेवलं.

यजमानांना स्वप्न सांगू नका, हिशेब विचारा. दोघं बसा, पासबुक आणि वही समोर घ्या. सोसायटीचं किती, बँकेचं किती, औषधाच्या दुकानाची उधारी किती, मजुरी किती द्यायची राहिली आहे. ते हसतात म्हणजे त्यांना काळजी नाही असं धरू नका. आमच्या भागातल्या कितीतरी पुरुषांना मी ओळखते, बायकोला आकडा सांगणं त्यांना कमीपणाचं वाटतं आणि ते एकटेच आतून खचत जातात. बोलता बोलता त्यांचं झोपणं-जेवण तुटलंय, ते निरवानिरवीचं बोलताहेत असं जाणवलं, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

त्र्यंबकला जरूर जा, सासूबाईंना घेऊन जा. दर्शनाने मनाला बळ येतं हे मी मानते. पण विधीसाठी उसने काढू नका. डोक्यावर असलेल्या बोजात भर घालून ही काळजी जाणार नाही.

रात्रीसाठीही एक उपाय आहे. शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की मोटारीसाठी उठावं लागतं. स्वप्नांची झोप साधारण दर दीड तासाने येते आणि पहाटेकडे लांबत जाते. अशा वेळी जाग आली की स्वप्न जसंच्या तसं लक्षात राहतं, म्हणून ते जास्त पडतंय असं वाटतं. दिवसाउजेडी, दुपारचं काम आटोपल्यावर, ते वहीत लिहून काढा. मग त्याचा पुढचा भाग तुम्हाला हवा तसा बदला. दार उघडतं, यजमान बॅटरी घेऊन आत येतात, दोघं मिळून भुंगेरे गोळा करता आणि कोठी झाकता, असंही चालेल. हा बदललेला प्रसंग रोज दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांपुढे आणा. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या वाईट स्वप्नांवर मानसोपचारात हीच पद्धत वापरतात आणि अनेकांना तिचा गुण येतो. हिशेबाचं काय झालं ते मला नक्की कळवा.

*

"सातपूरला कंपनीत आहे. नाइट करून सकाळी झोपतो. डोळे उघडले की कधी भिंतीवर तळहाताएवढा कोळी, कधी पांघरुणावर झुरळं दिसतात. उठून लाइट लावला की काही नसतं. रूममेट म्हणतो खोली बदल, इथे काहीतरी आहे." – एक वाचक, सातपूर

दादा, खोलीत काही नाही. झोप पुरती उतरलेली नसताना डोळे उघडले की स्वप्नातलं चित्र काही क्षण समोरच्या भिंतीवर दिसत राहतं. स्वप्नं बहुतेक ज्या झोपेत पडतात ती, डोळ्यांची जलद हालचाल होणारी झोप शिकागोच्या अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी १९५३ मध्ये नोंदवली. अशा भासांचा या झोपेशी संबंध जोडला जातो. ते धडधाकट माणसांनाही होतात, आणि शिफ्ट बदलत राहिली, झोप अपुरी पडली की जास्त होतात. खिडकीला जाड पडदा लावा. नाइटच्या आठवड्यात झोपायची वेळ शक्यतो एकच ठेवा. शिफ्टच्या शेवटच्या तासांत चहा टाळा. याचा अर्थ शोधत बसू नका, आधी झोप भरून काढा.

तुमच्या पत्रात दारूचा उल्लेख नाही, तरी सगळ्यांसाठी लिहिते. टक्क जागेपणी अंगावर किडे चालल्यासारखे वाटत असतील किंवा दिसत असतील, तर ते स्वप्नाच्या खात्यात टाकू नका. मधुमेहात नसांवर परिणाम झाला की पायांवरून काही सरपटल्यासारखं वाटतं. त्यासाठी तपासणी करून घ्यावी. पण रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकदम बंद केली आणि दोन-तीन दिवसांत त्याचे हात कापू लागले, घाम सुटला, तो असंबद्ध बोलून अंगावरचे किडे झटकू लागला, तर जीवाला धोका असतो. भगताकडे नेण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि थेट दवाखान्यात दाखल करा. शेवटचं पिणं कधी झालं ते डॉक्टरांना खरं सांगा, कारण उपचार त्यावर ठरतात.