आजोबांच्या ट्रंकेत पितळेचं 'कडकट्ट' यंत्र सापडलंय. हे जुनं वायरलेस आहे का? आता चालू होईल का?

तुम्ही लिहिलंय की आजोबा मिरजेच्या तारऑफिसात होते. लाकडी पाटावर दोन उभी रिळं, त्यांच्यावर आडवी पितळी दांडी, आणि दाबायची मूठ कुठेच नाही. म्हणजे हा साउंडर आहे. वायरलेसशी याचा संबंध नाही; तारेतून आलेला संदेश ऐकवणं एवढंच याचं काम. मूठ असते ती मोर्स की, म्हणजे संदेश पाठवायची कळ. ट्रंक पुन्हा एकदा तळापर्यंत बघा, कदाचित तीही निघेल.

रिळांतून वीज गेली की दांडी खाली खेचली जाते आणि स्क्रूवर आपटते. वीज थांबली की स्प्रिंग तिला वर ओढते, तेव्हा दुसरा, जरा हलका आवाज येतो. मोर्स लिपीत प्रत्येक अक्षर टिंबं आणि रेघांनी बनतं; टिंब असो की रेघ, आवाज हेच दोन. रेघेत दांडी टिंबाच्या तिप्पट वेळ खाली राहते, इतकाच फरक. तारबाबूंचा कान असायचा तो या दोन आवाजांमधल्या अंतरावर.

हे मला फार उशिरा कळलं. हॅम लायसन्ससाठी, म्हणजे हौशी रेडिओच्या परवान्यासाठी, मी मोर्स शिकलो ते ऑसिलेटर या सरावाच्या यंत्राच्या पीं-पीं आवाजावर. मिनिटाला आठ शब्द घ्यायला जमू लागल्यावर सांगलीतल्या एका निवृत्त तारमास्तरांकडे गेलो. त्यांनी साउंडरवर माझंच नाव वाजवलं आणि मला एक अक्षर लागलं नाही! मग त्यांनी माझं बोट दांडीवर अलगद ठेवायला लावलं. दांडी किती वेळ खाली राहते ते बोटाला समजलं. पाच-सहा वेळा तसं केल्यावर म्हणाले, "आता बोट काढा, डोळे मिटा." पहिलं अक्षर कानाला लागलं तेव्हा अंगावर काटा आला होता. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. असे कान असलेली माणसंही आता कमी होत चालली आहेत, म्हणून आजोबांना ओळखणारं कुणी हयात असेल तर आधी त्यांना जाऊन भेटा.

वायरलेसची गोष्ट वेगळी. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात लहरींच्या जोरावर, मध्ये तार नसताना, दूरची घंटा वाजवून दाखवली. १२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनी यांनी अटलांटिक पलीकडून आलेली तीन टिंबं, म्हणजे 'एस' हे अक्षर, इअरफोनमध्ये ऐकल्याचं सांगितलं. तार मात्र तोडता येते. बेचाळीसला तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, आजच्या वाळवा-तासगाव भागातसुद्धा, भूमिगतांनी तारा तोडल्याच होत्या. त्याच साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथी ४२.३४ मीटर लहरीवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. एकीकडे सरकारची तार तोडायची, दुसरीकडे आपला आवाज बिनतारी पाठवायचा. हे दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की तुमच्या हातातल्या यंत्राचा काळ डोळ्यांपुढे उभा राहतो.

आता चालू करण्याबद्दल. घरातल्या विजेला अजिबात जोडू नका. आधी दोन्ही टर्मिनलांवर मल्टिमीटर लावा. २० ओहमच्या आसपास दाखवलं तर रिळं शाबूत आहेत. दीड व्होल्टचा एक सेल लावून बघा, दांडी हलली नाही तर दोन सेल लावा. तरीही हलली नाही तर दांडीच्या बिजागरीत साचलेली काजळी रॉकेलच्या बोळ्याने पुसा, मग स्प्रिंग थोडी सैल करा. मीटर काहीच दाखवत नसेल तर रिळावरचं सुती वेष्टण सोलू नका; बहुतेक वेळा तार टर्मिनलपाशीच तुटलेली असते आणि तिथे सोल्डरचा डाग दिला की काम होतं.

आणि कृपा करून चिंचेने किंवा पॉलिशने घासू नका. मी माझी पहिली की घासली होती. वरचं मूळ लाखेचं पाणी गेलं, महिन्याभरात पितळ पुन्हा काळं पडलं, शिक्क्यातली अक्षरंही पुसट झाली. ती मला परत आणता आली नाहीत, त्याची अजून हळहळ वाटते.

पाट उलटा करून खालचे शिक्के आणि आकडे यांचा फोटो टाका. 'अलीपूर' असं काही कोरलेलं असेल तर ते कोलकात्यातल्या तारखात्याच्या कारखान्यातलं असणार. विकायचा विचार त्यानंतर करा.