पन्नी का कुजत नाही?

प्रश्न: कुंडीत पोह्याची कागदी पुडी न् जिलबीची पन्नी (प्लास्टिकची पिशवी) दोन्ही पुरलं होतं, पावसाळ्यानंतर उकरलं तर कागद गायब, पन्नी जशीच्या तशी! असं का? (एक वाचक, राजवाडा, इंदूर)

उत्तर: अहो, कागद म्हणजे सेल्युलोज, झाडाचाच माल, ओल मिळाली की बुरशी-बॅक्टेरिया तो फस्त करतात, पन्नीतल्या पॉलिथिनच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या मात्र त्यांना चावतच नाहीत. उन्हात पन्नी कडक होऊन चुरा होतो खरा, पण तो कुजत नाही, मायक्रोप्लास्टिक म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण बनून मातीतच राहतो. आणि कागदाचंही फार कौतुक नको हं, कचऱ्याच्या ढिगात हवा-ओल न मिळता दाबला गेला तर वर्षानुवर्षं पडून राहतो, जुनी वर्तमानपत्रं वाचता येतील अशी निघालीत! 120 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ प्लास्टिक कॅरी बॅगवर 31 डिसेंबर 2022 पासून बंदी आहे, जाडही कुजत नाहीच, फक्त परत-परत वापरता येते.