स्वतः भोगलेली बाई दुसरीसाठी लढू शकते का?

"मॅडम, माझंच निस्तरताना नाकी नऊ आले. मी दुसऱ्या बायकांची वकील काय होणार?" नाशिकमध्ये समुपदेशन करताना हे वाक्य मी सारखं ऐकते. बोलणारीने बहुधा स्वतःची केस लढलेली असते.

सिडकोतली एक पदवीधर बाई अशीच आली (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेली. सीबीएसजवळच्या कोर्टात तारखांना जाता-जाता तिला कायद्याची गोडी लागली. एलएलबी करायचं मनात होतं, पण दुसरीचं दुखणं ऐकलं की छाती धडधडायची.

एकदा ती शेजारणीला संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे घरातल्या मारहाणीची तक्रार घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, घेऊन गेली आणि माझ्याकडे आली ती चिडूनच.

"तिला म्हटलं, घर सोडायचंय असं सांग. तर म्हणते, नाही सोडायचं!"

"मग तिला काय हवंय?"

"मारणं थांबायला हवं. राहायचं तिथंच."

"घर सोडायचं कुणाला होतं?"

हातातल्या झेरॉक्सचा कोपरा ती दुमडत राहिली. मग म्हणाली, "मला. तेव्हा मला कुणी सोडू दिलं नाही."

त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली. पुढच्या भेटीत शेजारणीबद्दल बोलली ती शेजारणीच्याच शब्दांत. मी सल्ले देत बसत नाही. माणसाला त्याचं उत्तर सापडतं यावर माझी श्रद्धा आहे, आणि ती इथं पुन्हा खरी ठरली. आपली जखम ओळखता आली की समोरचीचं दुःख वेगळं दिसू लागतं. वकिलीला हेच लागतं, कारण मागणी अशिलाची असते. शेजारणीची मागणी तर कायद्यातच होती: 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं, घर बाईच्या नावावर नसलं तरी, तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिलाय.

म्हणून सांगते, आधी स्वतःचं बोलून मोकळ्या व्हा. स्वतःची केस चालू असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. पदवी असेल तर एलएलबी तीन वर्षांचं आहे. उशीर झाला असं वाटत असेल, तर नाशिकमध्येच जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी आठवा. 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, पण बायकांना वकिलीची मुभा देणारा कायदा इथं 1923 मध्ये आला. मधली वर्षं त्या पडद्यातल्या बायकांच्या मालमत्तेसाठी झटत राहिल्या.

सिडकोतली ती आता एलएलबीच्या प्रवेशासाठी सीईटीची तयारी करते. शेजारणीसोबत तारखेलाही जाते, पण काय मागायचं ते शेजारीणच सांगते.